आकडे फिके का पडतात?

जुन्या बाजारात मल्टिमीटरची, टाँग टेस्टरची किंवा हातात मावणाऱ्या स्कोपची किंमत दोन गोष्टींवर ठरते: तो चालू होतो का, आणि आकडे दिसतात का. आतला फ्यूज अस्सल आहे की त्या जागी तांब्याची तार गुंडाळली आहे, हे कुणी विचारत नाही. पण आकडे फिके असले की विकणारा मान खाली घालून भाव पाडतो आणि घेणाराही ‘डिस्प्ले गेलाय’ म्हणून मीटर परत ठेवतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कागदोपत्रीच्या डॉ. भडकमकर मार्गाला, आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास हा व्यवहार रोज चालतो. बंद पडलेल्या कारखान्यांच्या लिलावातून, जहाजतोडीतून, कुणा निवृत्त इंजिनियरच्या कपाटातून आलेली चांगली चांगली उपकरणे केवळ या एका शेऱ्यावर भंगारात जातात.

‘डिस्प्ले गेला’ हे निदान नव्हे, ती तक्रार आहे. तिच्यामागे निदान पाच-सहा वेगवेगळी दुखणी असू शकतात, आणि खुद्द काच निकामी होणे हे त्यांतले सगळ्यात कमी आढळणारे. तरी संशय पहिल्यांदा काचेवरच जातो, कारण ती समोर दिसते. (ज्यांच्याकडे मोटवानेचा काट्याचा जुना मीटर आहे, त्यांनी हा लेख सोडून दिला तरी चालेल.)

निदानाला लागेल तेवढीच काचेची रचना आधी पाहू. काचेच्या दोन पातळ पट्ट्या, त्यांच्यात ५ ते १० मायक्रॉनची फट, फटीत द्रव स्फटिक. काचांच्या आतल्या अंगाला इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर, आणि सेगमेंटचे आकार त्याच थरात कोरलेले. बाहेरून दोन्ही बाजूंना पोलरायझरची फिल्म चिकटवलेली. मागच्या फिल्मखाली बहुधा चंदेरी परावर्तक. व्होल्टेज नसते तेव्हा द्रवाचे रेणू एका काचेपासून दुसरीपर्यंत ९० अंशांचा पीळ घेऊन बसलेले असतात. प्रकाश त्या पिळाबरोबर वळतो, दोन्ही पोलरायझर पार करतो आणि मागून परत येतो. व्होल्टेज दिले की रेणू उभे राहतात, पीळ सुटतो, प्रकाश अडतो आणि तेवढा भाग काळा दिसतो. बासलच्या हॉफमन-ला रोश कंपनीत मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेलफ्रिश यांनी १९७० मध्ये या रचनेचे पेटंट मागितले. पुढे इंग्लंडमधल्या हल विद्यापीठातल्या जॉर्ज ग्रे यांनी सायनोबायफेनिल हे टिकाऊ द्रव दिले, आणि १९७७ मध्ये फ्लूकचा ८०२०ए हा हातात धरायचा डिजिटल मीटर बाजारात आला.

यातली ध्यानात ठेवायची गोष्ट एकच: काळा रंग द्रवात नसतो. तो दोन पोलरायझर आणि मधला द्रव मिळून तयार करतात, आणि त्यासाठी नेमके व्होल्टेज लागते. तिघांपैकी कुणीही कमी पडला तरी वरून दिसणारा परिणाम एकच, फिका आकडा. म्हणून आकडा किती फिका आहे याला महत्त्व कमी. फिकेपणा कुठे आहे आणि त्याचा आकार कसा आहे, यावर सगळे निदान उभे राहते. पूर्ण डिस्प्ले सारखाच फिका असेल तर बिघाड सगळ्यांना समाईक असलेल्या जागी, म्हणजे पुरवठ्यात किंवा पोलरायझरमध्ये. ठरावीक सेगमेंटच फिके असतील आणि दाबल्यावर परत येत असतील तर जोडणीत. कडेकडून आत सरकत आलेला डाग असेल तर फिल्ममध्ये किंवा काचेच्या सीलमध्ये. या तीन आकारांची गल्लत केली नाही तर अर्धे काम मीटर न उघडताच होते.

समान फिकेपणात पहिला संशयित बॅटरी. नवा सेल घालून बघा, हे सांगायला लेख कशाला हवा? पण त्यात एक मेख आहे. बाजारातल्या पिवळ्या-लाल स्वस्त मीटरांत, म्हणजे आयटीआयच्या प्रत्येक पोराच्या पिशवीतल्या डीटी-८३० जातीच्या मीटरांत, इंटरसिलच्या आयसीएल ७१०६ या चिपचीच मांडणी असते. मूळ चिप नसली तर तिची नक्कल काळ्या ठिपक्याखाली झाकलेली असते. ही चिप सेगमेंटना लागणारे साधारण ५ व्होल्ट आतल्या आत बांधून घेते. त्यामुळे ९ व्होल्टची बॅटरी बरीच उतरेपर्यंत आकडे ठसठशीतच राहतात. मात्र चिपचे संदर्भ व्होल्टेज बॅटरी साधारण ७ व्होल्टच्या खाली गेल्यावर ढासळू लागते, आणि संदर्भ घसरला की वाचन चढते. याचा अर्थ असा की या जातीच्या मीटरात आकडे फिके होण्याआधीच ते खोटे झालेले असतात. अशा मीटरचा डिस्प्ले बॅटरीमुळे फिका पडला असेल, तर त्याच्या मालकाने गेले काही आठवडे काय मोजले हा वेगळा प्रश्न.

नव्या बॅटरीनेही फरक पडला नाही तर बॅटरीचे टर्मिनल पाहा. जुन्या सेलने ओकलेले पाणी, हिरवा-पांढरा थर, तारेच्या आवरणाखाली काळी पडलेली तार, या सगळ्यांनी पुरवठा वाटेत खाल्लेला असतो. मोजायचे ते बॅटरीच्या टोकांवर नव्हे, पीसीबीवर जिथे पुरवठा पोचतो तिथे, आणि मीटर चालू ठेवून.

डिस्प्ले कोणत्या पद्धतीने चालवला आहे यावर व्होल्टेजची ही नाजूकता ठरते. ७१०६ मध्ये प्रत्येक सेगमेंटला स्वतंत्र पिन आणि सगळ्यांना मिळून एक बॅकप्लेन, म्हणजे समोरच्या काचेवरचा समाईक इलेक्ट्रोड. विझलेल्या सेगमेंटला जवळजवळ शून्य व्होल्ट, लागलेल्याला पूर्ण पाच. मध्ये भरपूर मोकळी जागा. पण १९८८ मध्ये आलेल्या फ्लूक ८७ सारख्या मीटरांत आकड्यांखाली बारीक रेघांचा बारग्राफ असतो, निरनिराळी चिन्हे असतात. इतक्या सेगमेंटना इतक्या पिना परवडत नाहीत, म्हणून तीन-चार बॅकप्लेन आळीपाळीने चालवतात. चार बॅकप्लेन असले तर लागलेल्या आणि विझलेल्या सेगमेंटवरच्या व्होल्टेजचे गुणोत्तर फार तर १.७३ होते. विझलेल्यावरही बरेच व्होल्टेज असतेच, फक्त ते उंबरठ्याच्या, म्हणजे रेणू उभे राहू लागतात त्या व्होल्टेजच्या, आत ठेवलेले असते. इथे पुरवठा थोडा घसरला की लागलेले सेगमेंट उंबरठ्यापाशी येऊन फिके होतात. थोडा चढला की विझलेले सेगमेंट भुतासारखे दिसू लागतात. सगळ्या आकड्यांमागे ‘८८८८’ ची अंधूक सावली दिसणे हे त्याचेच लक्षण. काच तेव्हा अगदी ठणठणीत असते.

१९९१ च्या सुमाराच्या फ्लूक स्कोपमीटरसारख्या उपकरणांत हे प्रकरण टोकाला जाते. २४० ओळींचा ग्राफिक डिस्प्ले आळीपाळीने चालवायचा तर ते गुणोत्तर १.०७ च्याही आत येते. लागलेल्या आणि विझलेल्या ठिपक्यात सात टक्क्यांचासुद्धा फरक उरत नाही. एवढ्याशा फरकात काळे-पांढरे दाखवायचे म्हणून या काचांत पीळ ९० ऐवजी १८० ते २७० अंश ठेवतात. (ओळी एकेक न चालवता अनेक ओळी एकदम चालवण्याच्या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले टी. एन. रुक्मांगदन होते, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते.) अशा डिस्प्लेला वेगळे, बहुधा उणे पंधरा ते पंचवीस व्होल्टच्या घरातले कॉन्ट्रास्ट व्होल्टेज लागते. ते उपकरणातलाच छोटा कन्व्हर्टर बनवतो. डिस्प्ले फिका पडला तर आधी मेन्यूतला कॉन्ट्रास्ट वाढवून पाहावा. हसू नका, आधीच्या मालकाने किंवा रिसेटने तो तळाला नेऊन ठेवलेला असतो आणि उपकरण ‘डेड डिस्प्ले’ म्हणून विकले जाते. कॉन्ट्रास्ट शेवटाला नेऊनही भागत नसेल तर कन्व्हर्टरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पाहायचे. त्या काळातले छोटे कपॅसिटर सुकतात किंवा गळतात, आणि गळलेले द्रव आसपासचे ट्रॅक कुरतडते. वीस-पंचवीस रुपयांचा माल बदलून हजारोंचे उपकरण उठते, ते बहुतेक इथे.

तापमानाचा मुद्दा थोडक्यात. गरमीत उंबरठा खाली येतो, थंडीत वर जातो आणि आकडे सुस्तावतात. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या मीटरचा डिस्प्ले पूर्ण काळा झाला तर द्रव आपल्या स्फटिकपणाच्या मर्यादेपलीकडे तापलेला असतो. सावलीत ठेवा, परत येईल. विकत घेताना मात्र मीटर उन्हात तापलेला किंवा एसीत गारठलेला नको.

आता जोडणी. काच आणि पीसीबी यांच्यात सोल्डर नसतो. सिलिकॉन रबराची एक पट्टी दाबून बसवलेली असते. तिच्यात कार्बन घातलेले वाहक थर आणि साधे निरोधक थर आलटून पालटून असतात, म्हणून नाव झेब्रा पट्टी. एकेका सेगमेंटचा संपर्क अशा दोन-चार थरांवर असतो. काचेची चौकट बोटाने हलकेच दाबली आणि गेलेला सेगमेंट परत आला, की निदान झाले. कारणे साधी: बोटांचे तेल, धूळ, दमट हवेत पॅडवर आलेली कीट, पडून तुटलेला प्लॅस्टिकचा खुंट, नाहीतर आधीच्या दुरुस्ताने एका बाजूचा स्क्रू जास्त आवळलेला. फ्लूकच्या ऐंशीच्या मालिकेतले मीटर जुने झाले की याच दुखण्याने फिके पडतात, आणि पट्टी साफ करून पुन्हा बसवली की बहुतेक वेळा सुधारतात.

साफसफाईत मात्र हात आखडता हवा. पट्टीची संपर्काची कड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, सूत न सुटणाऱ्या कापडाने एकदाच पुसायची. ताणायची नाही, घासायची नाही, नंतर बोट लावायचे नाही. पीसीबीवरचे पॅड सोन्याचा मुलामा असलेले असतील तर मऊ खोडरबर हलक्या हाताने चालतो. पॅड काळ्या कार्बनच्या शाईचे असतील, आणि स्वस्त मीटरांत ते तसेच असतात, तर खोडरबर म्हणजे आत्महत्या; दोन घासांत पॅडच निघून जातो. ग्राफिक डिस्प्लेला झेब्राऐवजी गरम करून चिकटवलेली पातळ रिबन असते. तिचा गोंद सुटला की पूर्ण ओळच्या ओळ गायब होते. जुन्या गेम बॉयवर उभ्या रेघा पडायच्या त्या यामुळेच. मधे सिलिकॉनची पट्टी धरून सोल्डरिंग आयर्नच्या मंद उष्णतेने ती पुन्हा दाबता येते. पण हात बसलेला नसेल तर रिबन जळते, आणि मग मात्र काही उपाय उरत नाही.

माझ्या मते सगळ्यात जास्त चुकीचे निदान होते ते पोलरायझरचे, आणि आपल्या समुद्रकिनाऱ्याच्या हवेत तर या दुखण्याकडे आधी बघावे. एडविन लँड यांनी १९३८ मध्ये काढलेली पद्धत आजही चालते: पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची फिल्म ताणायची आणि तिला आयोडीन पाजायचे. ही नाजूक फिल्म दोन्हीकडून ट्रायअ‍ॅसिटेटच्या थरांनी झाकलेली असते. उष्णता आणि दमटपणा मिळाला की ट्रायअ‍ॅसिटेट विघटन पावते, अ‍ॅसिटिक आम्ल सुटते, आणि ते आम्ल पुढच्या विघटनाला आणखी वेग देते. आयोडीन फिके पडते, फिल्म पिवळट-तपकिरी होते, फुगे धरते. मीटर उघडल्यावर शिर्क्याचा वास आला तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. सिनेमाची रिळे ज्या रोगाने सुरकुततात, ज्याच्याशी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासह जगभरच्या संग्रहालयांना झुंजावे लागते, तो हाच. रिळांसाठी असलेला नियम इथेही पाळावा: वास येणारे उपकरण बाकीच्यांबरोबर बंद पेटीत ठेवू नये.

याची परीक्षा दुकानात उभ्या उभ्या होते. पोलराइज्ड गॉगलची काच किंवा पोलरायझर फिल्मचा तुकडा डिस्प्लेसमोर धरून हळूहळू फिरवायचा. पुढची फिल्म शाबूत असेल तर एका कोनात सगळा डिस्प्ले सारखा काळा होतो. कुठल्याच कोनात काळोख होत नसेल तर फिल्म मेलेली आहे; डाग-डाग राहत असतील तर तेवढ्याच जागी मेलेली. इंद्रधनुषी रंग दिसले तर ते बाहेरच्या प्लॅस्टिक खिडकीच्या ताणामुळे, त्यांना भुलू नये. आणि मौज म्हणजे, पुढची फिल्म गेलेली असली तरी याच तुकड्यातून योग्य कोनात पाहिले की न दिसणारे आकडे ठळक उमटतात. काच आणि सर्किट जिवंत असल्याचा याहून चांगला पुरावा नाही. मागची फिल्म गेली असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही. त्यासाठी काच बाहेर काढून मागे फिल्म धरून पाहावी लागते.

उपायही घरचाच आहे. जुनी फिल्म कोपऱ्यातून उचलून सोलायची, गोंदाचा थर अल्कोहोलने भिजवून काढायचा, नवी फिल्म आधी नुसती धरून कोन पक्का करायचा आणि मग चिकटवायची. कोन ९० अंशांनी चुकला तर काळ्यावर पांढरे आकडे येतील. काहींना ते आवडतात, पण परावर्तक डिस्प्लेत ते उजेड कमी असला की दिसत नाहीत. सोलताना पात्याने काच उचकटू नये. कडेचे इपॉक्सी सील फुटले की आतला द्रव गेला, आणि त्याला बाजारात औषध नाही.

काचेचे खरे आजार मोजकेच. पडून तडा गेला तर शाईसारखा काळा ढग पसरतो, आणि तो दर महिन्याला मोठा होत जातो. सील कमजोर झाले तर कडेने फिकट बुडबुडा आत सरकतो. तिसरा आजार माणसाने दिलेला असतो. एलसीडीला नेहमी दिशा बदलणारे व्होल्टेज लागते; त्यात डीसीचा अंश साधारण ५० मिलिव्होल्टच्या आत ठेवावा, अशी अपेक्षा असते. डीसी टिकून राहिला तर आत रासायनिक क्रिया होऊन सेगमेंट कायमचा काळवंडतो किंवा मलूल होतो. ७१०६ ची ३७ व्या क्रमांकाची टेस्ट पिन अधिक पुरवठ्याला जोडली की ‘-१८८८’ असे सगळे सेगमेंट लागतात; दुरुस्तीवाल्यांची ही आवडती युक्ती. पण त्या अवस्थेत सेगमेंटवर चौरस लहर नसून सरळ डीसी असतो, आणि फार वेळ तसे ठेवल्यास डिस्प्ले जळेल असा इशारा चिपच्या माहितीपत्रकातच दिलेला आहे. पाच सेकंद पाहा आणि काढा.

त्याच चिपवर चालक सर्किट शाबूत आहे का हे दुसऱ्या मीटरने कळते. २१ वी पिन बॅकप्लेनची; तिच्यावर घड्याळाचा आठशेवा भाग, म्हणजे ४० किलोहर्ट्झ घड्याळ असेल तर ५० हर्ट्झची चौरस लहर असते. बॅकप्लेन आणि लागलेला सेगमेंट यांच्यात एसीवर पाच व्होल्टच्या आसपास आणि डीसीवर शून्याजवळ वाचन आले, तर चिप निर्दोष. मग दोष जोडणीत किंवा काचेत. मीटर उघडण्याआधी लीड काढायच्या, हे वेगळे सांगायला नको. इलेक्ट्रोल्युमिनेसंट बॅकलाइट असेल तर त्याच्या कन्व्हर्टरवर शंभर व्होल्टच्या घरात एसी असतो, तेवढे ध्यानात असावे. बाहेरची खिडकी धुरकटली असेल तर ती पॉलिशने निघते. तिला एलसीडीचा दोष म्हणणारेही भेटतात.

एवढा खटाटोप कशासाठी, दिसतात तितके आकडे पुरे, असे म्हणणारा वायरमन हटकून भेटतो. त्याला एकच उदाहरण द्यावे. दशकाच्या आकड्याचा मधला आडवा सेगमेंट गेला की ८ चा ० होतो. न्यूट्रल तुटलेल्या घरात २८० व्होल्ट आले आहेत आणि मीटर २०० दाखवतो आहे: घरातली उपकरणे जळायच्या बेतात, आणि वाचणारा म्हणतो की व्होल्टेज कमी आहे. वरची रेघ गेली की ७ चा १ होतो, दशांश चिन्ह गेले की २.८० चे २८० होतात. पूर्ण फिका डिस्प्ले निदान आपण आजारी असल्याचे कबूल करतो. एक सेगमेंट गेलेला डिस्प्ले आत्मविश्वासाने खोटे बोलतो. म्हणून चांगल्या मीटरात चालू होताना सगळे सेगमेंट क्षणभर लागतात, आणि फ्लूक ८७ व्ही मध्ये ऑटोहोल्डचे बटण दाबून डायल फिरवली की ते सगळे लागलेले राहतात. जुना मीटर घेताना हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सौद्याबाबत माझे मत असे. नामांकित मीटर, समान फिका डिस्प्ले, गॉगलच्या परीक्षेत आकडे उमटतात: डोळे झाकून घ्या. दाबल्यावर सेगमेंट येतात: घ्या, पण झेब्राचे काम धरून भाव करा. ग्राफिक स्कोप फिका आणि कॉन्ट्रास्ट शेवटाला: सोल्डरिंगचा हात असेल तरच घ्या. काळा ढग किंवा आत सरकलेला बुडबुडा: सुट्या भागांच्या भावाने घ्या, नाहीतर सोडा. आणि डीटी-८३० जातीचा स्वस्त मीटर कोणत्याही कारणाने फिका असेल तर वेळ घालवू नका. नवा येतो तेवढ्या पैशांत त्याची पोलरायझर फिल्मही येत नाही. घेतलेला मीटर दुरुस्त झाला, तरी ओळखीच्या व्होल्टेजवर दुसऱ्या मीटरशी ताडून पाहिल्याशिवाय तो मेन लाइनवर लावू नका.